न हललेला आकडा

रुग्णालयातले अकरा फ्रिज आणि फ्रीजर सांभाळणाऱ्या माणसाला सिस्टर लोकांनी थंडोबा असं नाव ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा ते त्यांना जास्त शोभत होतं. कुणी धावत येऊन "काका, लसींचा फ्रिज बंद पडला!" असं ओरडलं की हे गृहस्थ आधी हातातला चहा संपवायचे, कप विसळून पालथा घालायचे आणि मग उठायचे. "बंद नाही पडला, दमलाय," असं म्हणत कॉम्प्रेसरला हात लावायचे. एकतीस वर्षांत त्यांचं निदान चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि सगळा घोळ तिथेच होता, पण ते पुढे येईल.

दिवसातून तीन फेऱ्या. तळमजल्यावरच्या रक्तपेढीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या दूधपेढीपर्यंत. लिफ्ट रुग्णांसाठी, म्हणून हे जिन्याने. रविवारीसुद्धा. "अहो, त्या फ्रिजांशीच तुमचं लग्न लावून दिलं असतं तर माझी तरी सुटका झाली असती," असं बायको म्हणायची, आणि थंडोबा हसून चपला घालायचे. मग साठी जवळ आली आणि उजव्या गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टरांनी जिने चढायला साफ मनाई केली. थंडोबांनी जोडीला माणूस मागितला तर वरून "बघू" असं उत्तर आलं. वरून आलेल्या "बघू"चा अर्थ काय असतो, हे ज्याने नोकरी केली आहे त्याला सांगायला नको.

त्यांची भाची दूरच्या शहरात संगणकाच्या कंपनीत कामाला होती. फोनवर गुडघ्याचं रडगाणं ऐकून तीच म्हणाली, "मामा, तू फ्रिजकडे जातोस कशाला? फ्रिजलाच तुझ्याकडे निरोप पाठवू दे ना."

थंडोबांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण आठवड्याभरात तिने पाठवलेलं पार्सल आलं. आत काडेपेटीएवढी एक पाटी, तिला हातभर वायर आणि वायरीच्या टोकाला तापमान मोजणारा बारीकसा खिळा. मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शाळा भरू लागली. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, त्यात भाचीचा चेहरा, समोर मुलाचा जुना लॅपटॉप, आणि थंडोबा वहीत एकेक शब्द उतरवून घेताहेत.

"हे बघ मामा, मधे एक निरोप्या बसलाय असं समज. ही पाटी आपण एका डब्यात बसवू, आणि तो डबा त्याला सांगणार, दूधपेढीचं तापमान एवढं. तुझ्या फोनने त्याला आधीच सांगून ठेवलंय की दूधपेढीचा निरोप आला की मला दे. डब्याला फोन माहीत नाही, फोनला डबा माहीत नाही. दोघांनाही फक्त निरोप्या माहीत."

"म्हणजे आमच्या हेडक्लार्कसारखा."

"हेडक्लार्क निरोप दाबून ठेवतो. हा ठेवत नाही."

खातं उघडताना पासवर्डवरून अर्धा तास गेला. एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं म्हटल्यावर थंडोबा वैतागून म्हणाले की लग्न जमवताना एवढ्या अटी नव्हत्या. बायको आतून म्हणाली, "होत्या. तुम्ही वाचल्या नव्हत्या." निरोप्याकडे जाताना डब्याला स्वतःचं काहीतरी नाव सांगावं लागतं, तिथे भाचीने लाडाने "मामा" असं टाकलं. आणि मग तिने सांगितल्यावर थंडोबांनी पहिला निरोप लिहिला, "ऐकू येतंय का?" बटण दाबलं. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेला फोन टुणकन वाजला आणि त्यावर उमटलं, ऐकू येतंय का?

थंडोबा खुर्चीतून उठले आणि उगाचच खोलीत एक चक्कर मारून आले. मग त्यांनी तो खिळा बर्फाच्या पाण्यात बुडवला, शून्य. स्वतःच्या मुठीत धरला, चौतीस. बायकोच्या मुठीत दिला, तर छत्तीस. "बघा, कुणाचं रक्त गरम आहे ते यंत्रसुद्धा सांगतंय," ते म्हणाले. लग्नाला तेहतीस वर्षं झालेली दोन माणसं त्या संध्याकाळी एका खिळ्याशी लहान मुलांसारखी खेळत बसली होती.

पहिला डबा त्यांनी दूधपेढीत बसवला. त्यालाही कारण होतं.

दूधपेढीत इतर आयांनी दिलेलं दूध मोठ्या फ्रीजरमध्ये असायचं. पण खिडकीशी एक छोटा उभा फ्रीजर होता, त्यात एखाद्या आईने फक्त स्वतःच्या बाळासाठी काढून ठेवलेलं दूध असे. त्या महिन्यात तो एकाच बाईच्या बाटल्यांनी भरत चालला होता. शाळेत चित्रकला शिकवायची ती. पोटात बाळ असतानाच तिच्या छातीत गाठ सापडली होती. मुलगी दिवसांआधी जन्मली, काचेच्या पेटीत नळीने दूध घेत होती. उपचार सुरू करायला डॉक्टरांनी आईला तीन आठवड्यांची मुदत दिली होती. औषध एकदा अंगात गेलं की दूध बाळाला चालणार नव्हतं आणि गोळ्या देऊन ते बंदच करणार होते. म्हणून ती बाई तीन आठवडे दर तीन तासांनी यंत्र लावून बसत होती. बाळ एवढंसं, त्याला लागायचं चमच्याच्या मापाने, बाकीचं साठत होतं. प्रत्येक बाटलीवर ती स्वतःच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी चिकटवायची.

एक दिवस बाटल्या द्यायला ती भिंत धरत धरत स्वतः आली. थंडोबा फ्रीजरच्या दाराची रबरपट्टी बदलत होते. तिने बाटल्या ठेवल्या आणि विचारलं, "काका, हा नीट चालतो ना?"

थंडोबांनी खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. उणे वीस पूर्णांक दोन. "हे बघा. आता तुमचा फ्रीजर माझ्या खिशात असतो. जरा गरम झाला की बोंब मारेल. तुम्ही निवांत झोपा."

ती हसली. तिला हसताना दूधपेढीच्या सिस्टरने त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दोन आठवडे डब्याने इमानेइतबारे काम केलं. थंडोबांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. भेटेल त्याला ते फोन दाखवायचे. भाचीला फोन करून म्हणाले, आता बाकीचे दहा फ्रिज मी एकटा करतो, तू बघच. तिने आणखी एक पाटी पाठवली, आणि म्हणाली, "लावताना मला फोन कर हं."

थंडोबांनी फोन केला नाही. कशाला करतील? एकतीस वर्षं त्यांनी काम केलं ते एकाच रीतीने. जे चालतंय त्याची हुबेहूब नक्कल करायची. एका फ्रिजला जो थर्मोस्टॅट मानवला तोच दुसऱ्याला, तीच कंपनी, तोच नंबर, स्क्रूसुद्धा तोच. वेगळं काही लावलं की घोडं पेंड खाणार हे ठरलेलं. म्हणून त्यांनी पहिल्या डब्यात भाचीने लिहून दिलेलं जे जे होतं ते ओळीन् ओळ दुसऱ्यात उतरवलं, फक्त दूधपेढीच्या जागी लसींचा फ्रिज असं लिहिलं. डब्याचं नाव ज्या ओळीत होतं, ती ओळ त्यांनी वाचली. चालतंय त्याला हात कशाला लावायचा म्हणून तशीच ठेवली.

शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांनी दुसरा डबा सुरू केला. फोनवर एकाखाली एक दोन आकडे दिसू लागले. दूधपेढी उणे वीस पूर्णांक चार. लसी चार पूर्णांक एक. थंडोबांनी फोन सिस्टरला दाखवला. तिने नुकत्याच त्या चित्रकलेच्या बाईच्या रविवार-सोमवारी बाळाला लागतील तेवढ्या बाटल्या काढून बाळाच्या वॉर्डात पाठवल्या होत्या. बाईला शुक्रवारी दुपारी पहिलं औषध चढलं होतं. तिच्या अठ्ठावन्न बाटल्या फ्रीजरमध्ये उरल्या होत्या. आता नवी येणार नव्हती.

रविवारी थंडोबा घरी राहिले. किती वर्षांनी, ते त्यांना आठवेना. सकाळी फोन पाहिला, दूधपेढी उणे वीस पूर्णांक चार. जेवताना पाहिला, तोच आकडा. दुपारच्या चहाला पाहिला, तोच. लसींचा आकडा वरखाली होत होता, चार, साडेचार, पुन्हा चार. कुठलाही जिवंत फ्रिज असाच असतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा खाली, थांबला की वर. हे थंडोबांइतकं चांगलं त्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

आणि तरीही त्यांनी फोन बायकोपुढे धरला आणि म्हणाले, "बघ, दूधपेढीचा आकडा एका रेघेनेही हलत नाही. नवी रबरपट्टी कुणी बसवली?"

"तुम्हीच असणार," बायको म्हणाली.

मला त्यांचा राग येतो तो इथे. गुडघा दुखतो म्हणून घरी बसणं मी समजू शकतो, नवी विद्या अर्धवट शिकणंही समजू शकतो. पण ज्या माणसाने जन्मभर फ्रिजांच्या नाड्या पाहिल्या त्याने न हलणारा आकडा पाहावा, आणि शंका घेण्याऐवजी स्वतःचीच पाठ थोपटावी!

सोमवारी सकाळी आठला दूधपेढीच्या सिस्टरने छोट्या फ्रीजरचं दार उघडलं. थंडोबा तेव्हा रक्तपेढीत होते. तिने वरून फोनवर "काका, लवकर या" एवढंच म्हटलं, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की थंडोबा पहिल्यांदाच चहा अर्धा टाकून उठले. बंदी असलेले तिन्ही जिने चढले. दार उघडं होतं. खालच्या फळीवर पाणी साचलं होतं. त्यांनी एक बाटली उचलली. ती कोमट होती आणि आतलं दूध खालीवर हलत होतं. मागे हात घातला, तर कॉम्प्रेसर खोलीतल्या भिंतीइतका गार. सुरू करणारा रिले जळला होता. बोटाएवढा भाग, त्यांच्या खोक्यात तसे चार पडले होते.

त्यांनी खिशातून फोन काढला. दूधपेढी उणे वीस पूर्णांक चार.

बाहेर जिन्यात बसून त्यांनी भाचीला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"मामा, दुसऱ्या डब्याचं नाव काय ठेवलंस?"

"तेच. मामा. जे चालत होतं तेच."



"मामा, निरोप्याकडे एका नावाचा एकच माणूस आत बसू शकतो. दुसरा मामा आला की तो पहिल्या मामाला बाहेर काढतो. त्याला वाटतं हा तोच, परत आलाय. शनिवारी दोन वाजता तुझा दूधपेढीचा डबा बाहेर फेकला गेला, आणि पुन्हा आत यायचं मी त्याला शिकवलंच नव्हतं. फोनवर दिसत होता तो त्याचा शेवटचा निरोप."

"पण गरम झाल्यावर बोंब मारणार होता ना तो?"

"बोलू शकला असता तर मारली असती. गप्प बसला तर काय करायचं, ते आपण लिहिलंच नाही." आणि मग ती रडायलाच लागली. "मला फोन का नाही केलास रे?"



दुपारपर्यंत वरिष्ठांनी कागदावर "यांत्रिक बिघाड" असं लिहून टाकलं. खोटं नव्हतं ते. सिस्टर हळूच म्हणाली, "काका, मी तिला एवढंच सांगते. मशीन बिघडलं. दुसऱ्या आयांचं दूध आहे, बाळ उपाशी राहणार नाही. तुम्ही नका येऊ."

"मी तिला शब्द दिला होता," थंडोबा म्हणाले.

चित्रकलेची बाई दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होती. औषधाने चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. नवरा काही आणायला खाली गेला होता. थंडोबा खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दुसरा डबा, तेच नाव, न हललेला आकडा, बायकोपुढे मारलेली बढाई, काही म्हणजे काही लपवलं नाही. सिस्टर दाराशी तोंडावर हात धरून उभी होती.



"मशीन बिघडलं म्हणाला असतात तर बरं झालं असतं हो काका," बाई छताकडे पाहत म्हणाली. "यंत्रांवर रागवायची मला आता सवय झालीय. तुमच्यावर कसं रागावू?"

थंडोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. पुसायचं त्यांना सुचलं नाही. "बाळाला काही कमी पडणार नाही," सिस्टर मधेच म्हणाली. "इतर आयांचं आहे, चांगलं आहे, तिचं पोट..."

"तिचं पोट भरेल हो," बाई म्हणाली. "माझं काय? मला उद्या काही झालं तर तिच्या अंगात माझं एवढंच राहणार होतं."

बाहेर जेवणाच्या गाडीची चाकं वाजत गेली.

मग तिने विचारलं, "कुठे आहेत त्या?"

वितळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही, ते टाकूनच द्यावं लागतं. नियम आहे आणि नियम बरोबर आहे. बाटल्या अजून दूधपेढीतच होत्या. बाई म्हणाली, माझ्यासमोर ओता. सिस्टरने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग तिच्याकडे पाहून हो म्हणाले. चाकाच्या खुर्चीवरून तिला वर आणलं. थंडोबांनी ट्रे बेसिनजवळ ओढला.

"ओतायच्या आधी चिठ्ठी मला द्या," ती म्हणाली.

पहिल्या बाटलीची चिठ्ठी त्यांनी सोलून तिच्या हातात दिली. तिने वाचली. "बारा तारीख, सकाळी नऊ. आज तिने माझं बोट धरलं." थंडोबांनी बाटली उपडी केली. दुसरी. "बारा तारीख, दुपारी बारा. वीस ग्रॅमने वजन वाढलं." तिसरी. "ताप होता, तरी भरली." तारखेखाली प्रत्येक चिठ्ठीवर एकेक ओळ होती. मुलगी मोठी झाली की द्यायच्या म्हणून लिहिल्या होत्या की नुसत्याच, ते तिने सांगितलं नाही. अकरा चिठ्ठ्या वाचून झाल्यावर तिचा आवाज बसला.

"बाकीच्या तुम्ही वाचा, काका. मोठ्याने."

थंडोबांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. त्यांना आकडे वाचायची सवय, तारीख आणि वेळ ते खणखणीत वाचायचे आणि खालच्या ओळीवर आले की अडखळायचे. "आज तुझे डोळे उघडे होते." "आज थोडंच आलं, रागावू नकोस." "बाबांनी तुझ्यासाठी टोपी आणली, माझ्या मुठीत मावते." सिस्टर मधेच बाहेर निघून गेली. वाचायचं, चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवायची, ओतायचं. बेसिनमधून पांढरं पाणी फिरत फिरत खाली जात होतं.

शेवटची बाटली शुक्रवार सकाळची, औषध चढण्याआधीची. जेमतेम तळाशी होतं. थंडोबांनी चिठ्ठी पाहिली आणि ती तशीच मुठीत मिटली.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. नुसती वेळ आहे."

"मला पाठ आहे, काका. वाचा."

"शुक्रवार, सकाळी सात," थंडोबांनी वाचलं. मग खालची ओळ. "पुरेल ना?"

बाईने मान हलवली आणि हात पुढे केला. "ही मी ओतते."

तिच्या मनगटाला सुई टोचलेली होती आणि हात इतका थरथरत होता की बाटली बेसिनच्या कडेवर खडखड वाजू लागली. थंडोबांनी आधार द्यायला हात पुढे नेला. मग हा हात कुणाचा आहे ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"धरा ना," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जमत."

त्यांनी तिच्या हाताखाली हात धरला, आणि दोघांनी मिळून ती बाटली उपडी केली.